यशया मास्तरांचे नाग

भिंगारच्या यशया मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ते आपल्या बायकोचं, लिडियाबाईंचंही ऐकत नसत, आणि लिडियाबाईंचं न ऐकणारा माणूस भिंगारात दुसरा नव्हता. यंदा त्यांनी गणितातली एक जुनी असमानता मनावर घेतली होती. दोन राशी बरोबरीनं चढत असतील, तर गुणाकाराची सरासरी ही सरासऱ्यांच्या गुणाकाराहून कमी भरत नाही. मास्तरांना ती कुठल्याही वजनाला लागू करून दाखवायची होती.

"कुठलंही वजन टाक, तराजू त्याच बाजूला झुकणार!"

"आधी रेशनच्या ज्वारीचं वजन नीट भरून आणा," लिडियाबाई म्हणाल्या.

लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून मास्तरांनी पडवीची भिंत कोळशानं भरून काढली. सगळं जमलं होतं, शेवटची पायरी तेवढी महिनाभर अडली होती.

"शुक्रवारी पाद्रीसाहेब चहाला येणारेत. छगन गड्याला भिंतीला चुना लावायला सांगितलंय."

"सिद्धता पुरी झाल्याशिवाय चुन्याचं बोट लागू देणार नाही!"

शुक्रवारी शाळा सुटताच मास्तर भिंत वाचवायला धावत घरी आले. भिंत शाबूत होती. तिच्यावर हळदकुंकू होतं, खाली लाह्या होत्या, दुधाचे ओघळ होते. छगन बादलीशेजारी हात जोडून बसला होता.

"लाव म्हणते, तर लावत नाही मेला!" लिडियाबाई कडाडल्या.

"आज पंचमी हाय बाई. नागोबाच्या तोंडाला चुना फासू? मला लेकरंबाळं हाईत!"

इंटिग्रलची, गणितातल्या सलग बेरजेची, खूण म्हणजे वर फणा, खाली वळलेलं शेपूट. मास्तरांनी त्या चांगल्या हातभर काढल्या होत्या. शेजारच्या रंगुबाईंनी सकाळी त्या पाहिल्या आणि सगळी आळी गोळा केली.

"मास्तर, इतकं देखनं नाग आमाला बी जमत न्हाईत," रंगुबाई म्हणाल्या. "पर येकलं येकलं का काढलं वं? मी समद्यांना जोडी दिली."

मास्तर ओरडणार होते, पण तोंड उघडंच राहिलं. प्रत्येक इंटिग्रलशेजारी दुसरा इंटिग्रल! महिनाभर ते एकाच ठिकाणावरून चढण मोजत होते. दोन ठिकाणं घेऊन फरकांचा गुणाकार केला, तर तो शून्याखाली जाईलच कसा?

त्यांनी कोळसा उचलला. जागा फक्त तळाशी उरली होती, म्हणून ते लाह्यांमध्ये गुडघे टेकून वाकले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"यशया?"

"थांबा साहेब," मास्तर मागं न बघता म्हणाले, "आत्ताच साक्षात्कार झालाय."

पाद्रीसाहेबांनी लिडियाबाईंकडे पाहिलं. लिडियाबाईंनी चुन्याच्या बादलीकडे पाहिलं. चहा कोणी प्यायला नाही.

शनिवारी मास्तरांनी सिद्धता जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर उतरवली आणि छगननं भिंत पांढरी केली. रविवारचा उपदेश बायबलातल्या सोन्याच्या वासरावर, म्हणजे मूर्तिपूजेच्या पापावर झाला. मास्तर पहिल्या बाकावर बसून जोरजोरात मान डोलावत होते. दोन राशींना जमतं ते तीन राशींना का जमू नये, हा विचार त्यांनी तिथंच मनावर घेतला.

पुढच्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी ते रंगुबाईंच्या दारात उभे राहिले.

"मावशी, यंदा तीन-तीन काढाल का?"

रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! नाग झाला, नागीन झाली. तिसरा कोन वं?"

"ते तुम्ही काढा," मास्तर म्हणाले. "सिद्ध मी करतो."