नंदू फोटोग्राफरच्या घरचं माणूस

२०२४ साल. मी शहात्तर वर्षांचा. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा नंदू फोटोग्राफर माझा फोटो काढायला आला आणि माझ्याच ओट्यावर मला म्हणाला, "आबा, चपला काढा."

"फोटो तोंडाचा काढतोस की पायाचा?"

"पाय मोकळा झाला की तोंड मोकळं होतं, आबा."

असलं त्याचं तत्त्वज्ञान! मी चौथी नापास, पण आमच्या मेहरूणात जन्मभर पिठाची गिरणी चालवली. गिऱ्हाइकाला चपला काढायला लावून कोणाचा धंदा वाढलेला पाहिला नाही. जामनेरच्या एका लग्नात या शहाण्याने अख्खं वऱ्हाड अनवाणी उभं केलं. वैशाखाची दुपार, फरशी तव्यासारखी. फोटोत बठ्ठी, झाडून सगळी मंडळी एका पायावर, नवरदेवाचा मामा तर थेट बगळा. वर हा म्हणतो, "कसे जिवंत दिसतात बघा!" दिसतीलच भो. त्या फरशीवर मेलेलाही उठून बसेल.

दुसरं खूळ उजेडाचं. "थांबा, उजेड पिकू द्या," म्हणत माणसं ताटकळत ठेवायची. उजेड म्हणजे काय केळीचा घड आहे?

दर रविवारी भुसावळहून वसंता यायचा. रेल्वेतला माणूस, मिशा भरघोस. "माझा मावसभाऊ," नंदू सांगायचा. मावसभावाच्या शर्टाला बटण लावत बसणारा माणूस मी तरी खानदेशात दुसरा पाहिला नाही. पण विचारलं नाही. मी का विचारू? सांगायचं त्याने.

दिवाळीनंतर एकदा नंदू जिना उतरून आला. गळ्यात कॅमेरा नव्हता, त्यामुळे उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"आबा, धुळ्याला आमचं सात-आठ जणांचं प्रदर्शन आहे. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, तृतीयपंथी. त्यांच्या आनंदाचे फोटो."

"आनंदाचेच का? दुःखाचे संपले का?"

"ते लोकांनी पुष्कळ पाहिलेत." मग अडखळत म्हणाला, "प्रमुख पाहुणा कोणी बोलावला नाही. ज्याच्या फोटोवरचा पडदा त्याच्या घरच्या माणसाने सारायचा, असं ठरलंय. माझा भाऊ म्हणाला, तू आम्हाला मेलास. फोटोत मी आणि वसंता आहोत. तो मावसभाऊ नाही, आबा. खोली सोड म्हणाल तर सोडतो. पण एवढ्या वेळी या."

असा संताप आला मला! "तू माले येडा समजस का रे? इतकी वर्षं मावसभाऊ, मावसभाऊ! गिरणीत मी दाणे दळले, डोळे नाही दळले!"

त्याने खिशातून खोलीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. असल्या माणसाशी भांडण तरी काय करायचं?

"एसटी कितीची आहे?" विचारलं.

घरच्या कार्याला वडीलधारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून मी टॉवेल-टोपी पिशवीत घातली. धुळ्याला बाकीच्यांच्या आया, बहिणी, एकाची आजी आलेली. मी पडदा सारला. फोटोत शेतातली भरीत पार्टी होती. वांगी भाजताना धुराने दोघांच्या डोळ्यांतून धारा, तरी दोघं खो-खो हसताहेत, आणि वसंता पालथ्या हाताने नंदूचे डोळे पुसतोय. फोटो तिरपा टांगला होता. तसं मी तिथेच सांगितलं.

"हे आबा. माझ्या घरचे," नंदू लोकांना म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. चारचौघांत असला प्रकार मला खपत नाही. मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. त्या मूर्खाने काय करावं? टोपी काढली आणि शेजारच्या वसंताच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल तेवढा स्वतःकडे ठेवला. लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या कसल्या वाजवता? आहेर कधी फोडून वाटतात का? परतीच्या एसटीत मी दोघांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडवाल्याने दुकानाचं कुलूप काढलं तेव्हा मी पायरीवरच बसलेला. आणखी एक टॉवेल-टोपी घेतली आणि जिना चढलो. दोघं चहा पीत होते. टोपी नंदूच्या डोक्यावर दाबली, टॉवेल वसंताच्या अंगावर टाकला आणि म्हणालो, "जोडीला अर्धा आहेर केला असं मेहरूणात कळलं, तर नाक माझं कापलं जाईल."