पाठीवरची करवंटी

कावेरी बाळंतपणाला धामापूरला माहेरी आली आणि दुपारच्या जेवणानंतर कोंबड्यांनी अंगण सोडून लांब माडाखाली मुक्काम हलवला. सातव्या महिन्यात ती असं काही घोरायची की फळीवरची पितळी भांडी साथीला बसायची. मग मध्येच सगळं बंद!

"निजली गो बिचारी," म्हणत आई सावित्री सुखानं कुशीवर वळायची. नववीतली आनंदी मात्र नेमकी तेव्हाच ताडकन उठून बसायची. आवाजाबरोबर ताईचा श्वासही थांबलेला असायचा. मग बुडालेलं माणूस वर यावं तशी आचका देऊन ताई श्वास घ्यायची.

एके दिवशी आनंदी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेली आणि तिथं भरल्या बाकांसमोर तिनं ताईचं घोरणं, थांबणं, आचका सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. खोकणारे खोकायचं विसरले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी कावेरीला बोलावून रक्तदाब मोजला, तर तोही थोडा वरच.

"उताणी झोपू द्यायची नाही. डावी कूस, उशी उंच, आणि दर आठवड्याला मला दाखवायचं. हिचा श्वास अडला की बाळालाही प्राणवायू कमी पडतो."

झोपेत उताणी वळणाऱ्या बाईला थांबवणार कोण? आनंदीनं नारळ फोडला, एक करवंटी घासून गुळगुळीत केली आणि ताईच्या पोलक्याला पाठीवर खिसा शिवून आत बसवली. वळली की टोचली! कोंबड्या अंगणात परतल्या.

डोहाळजेवणाच्या सकाळी आईनं करवंटी काढून ठेवली.

"विहीणबाय येतली. तिच्यासमोर बहिणीक कुबड काढून बसवतलंस?"

"आई गो, ताय निजतली मगे!"

"हिरवी साडी नेसान? गप ऱ्हव!"

ओटी भरली, जेवणं झाली. फुलांच्या खुर्चीत कावेरी मागे रेलली आणि पहिल्याच गाण्याला सुरू झाली. सावित्रीनं बायकांना डोळ्यांनी खुणावलं, मोठ्यानं! गाणं चढलं तसं घोरणंही चढलं. शेजारच्या कार्मेलिनाला गाणं येत नव्हतं, तिनं ताट बडवलं. आणि एकाएकी घोरणं थांबलं.

"पावलो देव!" सावित्रीनं घाम पुसला.

आनंदीनं पाहुण्यांच्या अंगावरून उडी मारून ताईला गदगदा हलवलं. आचका देत कावेरी जागी झाली, आणि ओटीतला नारळ घरंगळत थेट सासूबाई सुभद्राबाईंच्या पायाशी.

"घोरता?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाय हो, जरा दमली..." सावित्री सारवासारव करू लागली.

"घोरांदे. पण मधी थांबली कित्याक?"

उत्तर आनंदीकडे होतं, आणि भरपूर होतं. ऐकता ऐकता सुभद्राबाई नारळ मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"आमचे हे पण असेच थांबतत. लग्न झाल्यापासून मी उठान बसतंय. श्वास इलो की आडवी पडतंय. सांगतलंय कोणाक? लोक हसतले."

कुणी हसलं नाही. मान खाली घालून बसलेल्या कावेरीनं पहिल्यांदाच सासूकडे नीट पाहिलं. सावित्री उठून आत गेली आणि करवंटी घेऊन आली.

निघताना विहिणीची ओटी भरली, हळदीकुंकू झालं. सुभद्राबाई उंबऱ्याशी घुटमळल्या. आनंदीला कोपऱ्यात ओढून कानात म्हणाल्या,

"गो, त्या नारळाची दुसरी करवंटी खंय आसा? टाकलंस नाय मगे?"