हळू बोल, बायको झोपलीय

झोपेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. अर्धं आयुष्य गाद्या विकण्यात गेलंय. गिऱ्हाईक दारातून कसं चालत येतं, यावरून त्याची कंबर नेमकी कुठे धरलीय ते मी सांगतो. नमुन्याच्या गादीवर आडवं केलं, की लोक घोरायलाच लागतात.

आणि असा मी, महिनाभर मध्यरात्री टक्क जागा होत होतो!

पंचाईत अशी, की शेजारी बायको. ती शाळेची बस चालवते, पहाटे निघते. तिची झोप मोडली तर भरलेली बस डुलकीच्या हवाली. म्हणून कूस बदलायची नाही, खोकला आला तर गिळायचा, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. ती आपली डोक्यावरून पांघरूण घेऊन गाढ. तिचा हेवा वाटायचा. खरं सांगतो, अशा वेळी फार एकटं वाटतं. सगळं जग झोपलेलं आणि आपल्यालाच कोणीतरी पहाऱ्यावर बसवलेलं.

शेवटी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "झोप येत नसेल तर गादीशी झुंजत बसू नका. उठून दुसऱ्या खोलीत शांत बसा. पेंग आली की परत या."

त्याच रात्री चोरपावलांनी बाहेरच्या खोलीत गेलो. दिवा लावला नाही, उजेड आत गेला असता. अंदाजाने सोफ्यावर बसलो, तर सोफा किंचाळला!

हाताला लागली ती छत्री उगारून दबक्या आवाजात दरडावलं, "कोण आहे? हळू बोल, बायको झोपलीय."

"अहो, मीच आहे."

"तू कशी असशील? तू तर आत झोपलीयस."

दिवा लागला. बायकोच होती. आत जाऊन पांघरूण ओढलं, तर खाली मीच दुकानातून सवलतीत आणलेला लांबलचक लोड. महिनाभर मी त्याची झोप जपत होतो.

"तुम्ही इतके निपचित पडलेले असता," ती म्हणाली, "माझ्या चुळबुळीने उठाल, म्हणून मी रोज सोफ्यावर येऊन बसते."

"पण तुला झोप का येत नाही?"

तिने मला सोफ्यावर शेजारी बसवलं. "मागच्या महिन्यात वळणावर एक सायकलवाली मुलगी बसपुढे आली. ब्रेक लागला, तिला खरचटलंसुद्धा नाही. पण डोळे मिटले की ती दिसते. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमचीही झोप उडाली असती."

"ती उडालेलीच आहे," मी म्हणालो. एकाच घरात दोघं जागे, आणि दोघांनाही बोलायला कोणी नाही.

मग तिने सगळं सांगितलं. ब्रेकचा आवाज, मागच्या मुलांचा कल्ला, नंतर स्टीअरिंगवरून न सुटणारे हात. सांगता सांगता तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि ती खरोखरची झोपली.

माझ्या हाताला मुंग्या आल्या, मान अवघडली, नाक तर असं खाजायला लागलं की विचारू नका. पण मी हललो नाही. लोडासाठी महिनाभर केलं, बायकोसाठी एक रात्र करायला काय झालं?