शांतताप्रमुख

गाडीत बसल्याबसल्या लेकीने शेवटचं बजावलं, "बाबा, आजच्या शर्यतीत माझ्या कानावर तुझा आवाज आला ना, तर मी पोहणं सोडून देईन. कायमचं!"

"अगं, मी कुठे ओरडतो? प्रोत्साहन देतो," डॉक्टर म्हणाले.

मागे बसलेल्या सासूबाई खोकल्या. तो खोकला सर्दीचा नव्हता.

डॉक्टर दातांचे. त्यांनी आत "तोंड उघडा" म्हटलं की बाहेर बाकावर बसलेले पेशंटही आ वासायचे. तलावावरची पोरं तर त्यांना भोंगाच म्हणायची. मागच्या स्पर्धेत मुली उडीच्या तयारीत वाकल्या होत्या, सगळीकडे चिडीचूप होतं, आणि डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, "चल!" लेकीने शिट्टीच्या आधीच उडी ठोकली आणि बिचारी बाद झाली. त्यानंतर आठवडाभर ती जेवताना म्हणायची, "आजी, तुझ्या जावयाला सांग, मीठ इकडे दे." त्या मिठाने डॉक्टरांच्या काळजाला चरे पडले होते. आज ओठ शिवून बसायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

पण तलावाच्या दारातच कोच मॅडम केशरी जाकीट घेऊन उभ्या होत्या.

"डॉक्टर, हे घाला. आज तुम्ही शांतताप्रमुख."

"मी?"

"ओरडण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? हे लाल कार्ड. जो पालक ओरडेल त्याला दाखवायचं आणि बाहेर काढायचं. नियम सगळ्यांना सारखा."

चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणायच्या. पण गंमत बघा, अंगात जाकीट चढलं आणि चोर एकदम कडक कोतवाल झाला. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा माणूस गॅलरीत फिरून सगळ्यांची तोंडं बंद करू लागला. कुणी चिप्सचा पुडा फोडला तरी त्याच्याकडे डोळे वटारून बघू लागला.

पहिला बळी घरातलाच गेला. "अगं, टोपी नीट घाल, कानात पाणी जाईल!" सासूबाई नातीला उद्देशून कडाडल्या. डॉक्टरांनी कार्ड काढलं.

"जावईबापू! मला?"

"नियम सगळ्यांना सारखा, आई."

"घरी या, मग नियम दाखवते," असं म्हणून सासूबाई पिशवी उचलून तरातरा बाहेर गेल्या.

दुसरे बेकरीवाले. त्यांची मुलगी आणि डॉक्टरांची लेक अगदी जिवलग मैत्रिणी, एका टॉवेलने डोकी पुसणाऱ्या. बापांमध्ये मात्र विस्तव जात नव्हता. आज दोघी एकाच शर्यतीत होत्या. मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि बेकरीवाल्यांना राहवलं नाही. "हात लांब टाक गं!"

डॉक्टर टपूनच बसले होते.

"मी शिंकलो, डॉक्टर."

"शिंकताना 'हात लांब टाक' म्हणतात होय? चला, बाहेर!"

"अहो, माझ्या पोरीची शर्यत आहे. एवढी बघू द्या."

"माझ्याही पोरीची आहे. मी गप्पच आहे ना?"

खरं सांगायचं तर हे कार्ड दाखवताना डॉक्टरांना जरा जास्तच आनंद झाला. बेकरीवाले मान खाली घालून निघून गेले.

शिट्टी झाली. लेकीची उडी अशी सुरेख पडली की डॉक्टरांच्या घशात "शाब्बास" येऊन अडकलं. त्यांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. लेक पुढे होती, चांगलीच पुढे. आणि तेवढ्यात बेकरीवाल्यांच्या मुलीचा गॉगल घसरून नाकातोंडावर आला. ती बावरली, थांबली आणि दोरीला धरून गॅलरीकडे बघू लागली. ती बापाला शोधत होती. बाप तिथे नव्हता. त्याला हाकलून देणारा केशरी जाकिटातला माणूस तेवढा होता.

पोरीचा चेहरा रडवेला झाला आणि डॉक्टरांना भडभडून आलं. रुमाल कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही.

"सोड तो गॉगल! पाय मार बाळा, पाय! तुझे बाबा बाहेरच आहेत! चल!"

पत्र्याचं छप्पर दणाणलं. पोरगी दचकली, गॉगल भिरकावला आणि निघाली. डॉक्टरांनी जीभ चावली. झालं! आता लेक पोहणं सोडणार. सगळी गॅलरी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, स्वतःलाच दाखवलं आणि शर्यत अर्धी टाकून बाहेर गेले.

बाहेर बाकावर बेकरीवाले आणि सासूबाई खारी खात होते.

"फुटला का भोंगा?" बेकरीवाल्यांनी विचारलं. डॉक्टरांनी लाल कार्ड पुढे धरलं. सासूबाईंनी जरा सरकून त्यांना जागा दिली.

थोड्या वेळाने दोघी मुली ओलेत्या केसांनी बाहेर आल्या. बेकरीवाल्यांची मुलगी बापाला सोडून आधी डॉक्टरांपाशी गेली. "काका, तुम्ही ओरडलात म्हणून मी शर्यत पुरी केली. शेवटची आले, पण आले!"

बेकरीवाल्यांच्या हातातली खारी तशीच राहिली. त्यांनी पुडा डॉक्टरांपुढे धरला.

डॉक्टरांचं लक्ष मात्र लेकीकडे होतं. "ऐकलास ना माझा आवाज? सोडणार ना पोहणं?"

"श्वास घ्यायला तोंड वर काढलं आणि ऐकू आला. धडकीच भरली. मग कळलं, माझ्यासाठी नाही. इतकं बरं वाटलं बाबा! दुसरी आले." मग ती दोन्ही बापांकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी तू हिच्यासाठी ओरड, आणि काका माझ्यासाठी."

पुढच्या स्पर्धेत दोघे शेजारीशेजारी बसले. शिट्टी झाली. दोघांनीही छाती भरून श्वास घेतला.

"छान बाळा, छान! दमलीस तर सावकाश जा हं!" डॉक्टर बेकरीवाल्यांच्या मुलीला म्हणाले.

"हार-जीत काय, चालायचीच!" बेकरीवाले डॉक्टरांच्या लेकीला म्हणाले.

तलावावर अशी शांतता कोच मॅडमनी कधी अनुभवली नव्हती. त्यांनी लाल कार्ड पर्समध्ये टाकायला घेतलं, एवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई उभ्या राहिल्या.

"अहो, मुळूमुळू काय बोलताय? पोरी पोहतायत! ओरडा की!"