सहदेवरावांना न गावलेला मासा

कुकरची तिसरी शिट्टी झाली तसे सहदेवराव तावडे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"भाताला दोन पुरतात," ते म्हणाले.

"आत डाळ पण आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मग डाळ आधी भिजत घालायची. दोनात होते."

सुलक्षणाबाईंनी लसूण जरुरीपेक्षा जास्त जोरात ठेचला.

सहदेवरावांनी जन्म काढला होता एका औषधांच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोल खात्यात. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं केली, पण घरी तपासायला काही दिलं नाही. मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये चालू असलेलं खातं एकच, ते म्हणजे स्वयंपाकघर. मग कांद्याच्या फोडी एका मापाच्या का नाहीत, मिठाच्या बरणीत ओला चमचा कोणी घातला, भाकरीला एकाच बाजूने डाग का, अशी तपासणी सुरू झाली. इतर दिवशी निदान वाचनालय असे आणि ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा असे. रविवारी दोन्ही बंद. अशाच एका रविवारी सुलक्षणाबाई समोरच्या लता वाघमारेकडे गेल्या आणि सोफ्यावर बसकण मारून म्हणाल्या, "लता, मी वेडी होईन गं."

"आमच्या ह्यांच्याबरोबर पाठव त्यांना," लता म्हणाली. "दर रविवारी जातात ना बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीवर, गळ टाकायला. सकाळी गेले की उन्हं उतरल्यावर येतात. माझा रविवार कसा झकास जातो बघ."

"आणि मासे?"

"मासे लागले तर परत सोडतात. मला साफ करायचंही काम नाही."

भीमराज वाघमारे बँकेतून निवृत्त झालेले, नांदेडकडचे, गोदावरीच्या काठी वाढलेले आणि मितभाषी. सहदेवरावांना बरोबर न्यायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला, पण लतापुढे त्यांचं फारसं चालत नसे. सहदेवरावांनी मात्र आधी नाकच मुरडलं.

"आम्ही देवगडची माणसं, भीमराज. समुद्र बघितलाय. नदीतला मासा म्हणजे नुसता चिखल."

खरं सांगायचं तर देवगडहून आले होते ते सहदेवरावांचे वडील, आणि तेही गिरणीत नोकरीला. खुद्द सहदेवरावांचा मासेमारीचा अनुभव म्हणजे बाजारात बांगड्याचे कल्ले उचलून बघायचे आणि कोळणीच्या शिव्या खायच्या. भीमराजांनी यातलं काही काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, "एक खडस पकडून दाखवा. मग बोलू."

खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, ओठांशी मिशा असलेला, वाहत्या पाण्यातला दांडगा मासा. आणि भीमराज जिथे बसत तिथली नदी म्हणजे सगळे खडक आणि त्यांच्यामधून उसळणारी धार. गळ टाकला की दहातल्या नऊ वेळा तो दगडात अडकायचा.

"एक पकडतो आणि हा विषय संपवतो," सहदेवराव म्हणाले.

हे ऐकून सुलक्षणाबाई धास्तावल्या, कारण नवऱ्याचा शब्द पक्का असतो हे त्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर सहदेवराव पेटी शिकले. एक भजन न चुकता वाजलं त्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. मग योगासनं झाली. शीर्षासन जमलं, त्याच दिवशी चटई गुंडाळली. एकदा जमलेली गोष्ट पुन्हा करणं हा त्यांच्या मते वेळेचा अपव्यय होता.

सुरुवातीचे रविवार सुलक्षणाबाईंनी अमृतासारखे प्यायले. त्या दिवशी त्या काय करत, असं विचारलं तर काहीच नाही. आंघोळ अकराला. जवळ्याची चटणी आणि भाकरी, तीसुद्धा ओट्याशी उभ्या उभ्या, तव्यावरून थेट तोंडात. मग लता यायची आणि दोघी पंख्याखाली पाय पसरून गप्पा मारत बसायच्या. कुकरने हव्या तेवढ्या शिट्ट्या द्याव्यात, कोणी विचारणारं नव्हतं.

पण एका रविवारी सहदेवराव आले ते फुशारत. "आज लागला होता. सुटला. दोरा जरा सैल सोडायला पाहिजे होता. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाबाई लताच्या दारात हजर. "वाट लागली. ह्यांना जमायला लागलंय. भावजींना सांग, इतकं नीट नका शिकवू."

"ते नाही ऐकायचे. त्यांना शिकवायचा नाद लागलाय. काल रात्री उशीच्या नाडीवर मला गाठी शिकवत होते."

"मग मी काय करू?"

लता पुढे सरसावली. "गळाला लावायची कणीक कोण भिजवतं?"

"मीच. ह्यांना कधी आलंय पीठ मळायला?"

"मग झालं की."

सुलक्षणाबाई पुढच्या शनिवारी परात घेऊन बसल्या आणि त्यांनी गळाच्या कणकेत कडकडीत मोहन घातलं. शंकरपाळ्यांना घालतात तसं, चांगलं सढळ हाताने. मोहनाची कणीक तळली की खुसखुशीत होते हे सगळ्यांना माहीत असतं. नदीत टाकली की ती चुरा होऊन वाहून जाते हे त्यांना अंदाजानेच कळलं होतं. अंदाज बरोबर ठरला. उल्हास नदीतले लहानसहान मासे त्या हिवाळ्यात बाळसं धरू लागले आणि सहदेवराव मोकळा गळ घेऊन दिवस दिवस बसू लागले.

वाटेल त्या माणसाला फसवावं, पण क्वालिटी कंट्रोलवाल्याला फसवायला जाऊ नये. एका गुरुवारी सुलक्षणाबाई देवाचं करून बाहेर आल्या तर डायनिंग टेबलावर पाण्याचे पेले ओळीने मांडलेले, प्रत्येकात कणकेची एकेक गोळी आणि समोर सहदेवराव हातात घड्याळ धरून.

"बघ. विरघळते. चहा गाळून होईपर्यंतही टिकत नाही."

सुलक्षणाबाईंनी उगाचच एक पेला सरळ केला. "पाणी जड असेल इथलं," त्या म्हणाल्या.

"पाण्याचा काय संबंध? पीठ खराब आहे. गिरणीवाला भेसळ करतोय."

दुपारी ते गिरणीवाल्याशी भांडून आले. शुक्रवारी दुसऱ्या गिरणीचं पीठ आलं. त्याचीही गोळी विरघळली, कारण मळणारे हात तेच होते. सहदेवरावांनी मग गहूच बदलला. घरात तीन प्रकारचं पीठ झालं आणि सुलक्षणाबाईंना भाकऱ्या सोडून रोज चपात्या लाटाव्या लागल्या. पण रविवार शाबूत होता, म्हणून त्यांनी हूं की चूं केलं नाही.

अशातच एका शनिवारी त्यांना कांदिवलीला भाचीच्या साखरपुड्याला जावं लागलं. निघण्याआधी त्यांनी मोहनाची कणीक डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली. परत आल्या तेव्हा सहदेवराव झोपलेले होते, म्हणून त्याही निजल्या. सकाळी उठून बघतात तर सहदेवराव गेलेले, डबा जसाच्या तसा फ्रीजमध्ये, आणि ओट्यावर पिठाचे हात उमटलेले. देव्हाऱ्यातला वातींचा कापूस अर्धा गायब होता.

"लता, ह्यांनी स्वतः कणीक मळली," त्या धावत समोर जाऊन म्हणाल्या. "कापूस घालून मळली."

लता खुर्चीत बसली. "कापूस घातला की गोळी गळावरून सुटत नाही गं. आमचे हे सांगतात."

"मग भावजींनी ह्यांना आधी का नाही सांगितलं?"

"तुझ्या ह्यांनी आजवर विचारलं नसेल. आमचे हे आपणहून कधी बोलतात?"

तो रविवार दोघींनी दहावीच्या निकालाची वाट बघावी तसा काढला. जवळ्याची चटणी तव्यावर करपली आणि कोणी खाल्ली नाही.

तिकडे नदीवर ऊन वर आलं होतं. सहदेवरावांनी मळलेली कणीक इतकी भयंकर चिवट झाली होती की तिची गोळी करताना त्यांच्या बोटांना रग लागली. पण ती गळाला घट्ट बसली. त्यांनी गळ दोन खडकांच्या मधल्या धारेत सोडला आणि पहिल्यांदाच तो कुठेही न अडकता खाली गेला. थोड्या वेळाने काठी वाकली. आधी त्यांना वाटलं दगडच. पण दगड चालू लागला.

"दोरा सोडा," भीमराज उठून म्हणाले. "ओढू नका. जाऊ दे त्याला."

"अहो, पण जातोय तो."

"जाऊ दे म्हणतोय ना. दमला की येईल."

मासा धारेत खाली गेला, वर आला, खडकामागे शिरला. सहदेवराव गुडघाभर पाण्यात उतरले, एकदा बसले, पुन्हा उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या कोणाच्या सूचना निमूटपणे पाळत होते. शेवटी भीमराजांनी जाळी पुढे केली आणि सोनेरी खवल्यांचा, मिशाळ, हातभर लांब खडस तिच्यात येऊन पडला. सहदेवरावांनी तो दोन्ही हातांनी पाण्याबाहेर धरला. भीमराजांनी पटकन फोटो काढला.

"शिकलात, सहदेवराव," भीमराज म्हणाले. "सोडा आता त्याला."

खडस हातांतून निसटून पाण्यात दिसेनासा झाला. सहदेवराव तसेच उभे राहिले. भीमराज खडकावर बसून कौतुकाने मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. आता सहदेवराव वर्णन सुरू करतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण सहदेवराव काठावर आले, ओली पँट पिळली आणि बराच वेळ नदीकडे बघत बसले.

"पुढच्या रविवारी काय?" ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"झालं ना आता. एक पकडतो आणि संपवतो, असं बोललोय मी घरी." ते थांबले. "मला कळतं हो, भीमराज. मी घरात असलो की सुलक्षणा श्वास धरून वावरते. मलाही दिसतं. पण समोर दिसलं की तोंड गप्प बसत नाही माझं. इथे कसं, बोलायला काही नसतंच. बरं वाटतं."

भीमराजांनी मोबाइलवरून मान वर केली.

"तो फोटो पुसून टाका. आणि घरी सांगू नका. नाय गावला म्हणू."

"पण मी आत्ताच सोसायटीच्या ग्रुपवर..." भीमराजांनी मोबाइल वर धरला. "थांबा. रेंजच नाहीये इथे. गेलेला नाही." त्यांनी फोटो पुसला आणि मोबाइल खिशात टाकला. "मला काय हो. मलाही सोबतीची सवय झालीय."

दोघांना वाटलं, प्रकरण मिटलं. पण मोबाइलला एकदा दिलेला निरोप तो विसरत नाही. गाडी बदलापुरात शिरली, रेंज आली आणि खिशातल्या खिशात फोटो मुलुंडला रवाना झाला.

सुलक्षणाबाईंनी तो लताच्या मोबाइलवर पाहिला. खाली लिहिलं होतं, 'सहदेवरावांचा पहिला खडस. अभिनंदन.' फोटोत सहदेवराव लहान मुलासारखे हसत होते. आपला नवरा असा हसतो हे सुलक्षणाबाई विसरून गेल्या होत्या. त्यांना एकदम बरं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं.

"संपला माझा रविवार," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत घरी येऊन बसल्या.

सहदेवराव आले ते मान खाली घालून. चप्पल काढली, काठी कोपऱ्यात ठेवली.

"गावला काय?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"नाय गावला."

सुलक्षणाबाई बघतच राहिल्या. लग्नापासून आजवर हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. खरं बोलूनच त्याने त्यांना जेरीस आणलं होतं. म्हणजे ह्यांनाही रविवारी घरात बसायला नकोच आहे? क्षणभर त्यांना ते लागलं. मग त्यांनी स्वतःला विचारलं की आपल्याला तरी काय हवं होतं, आणि ते लागणं ओसरलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात मोबाइल.

"तावडेसाहेब, कमाल केलीत. अख्खा ग्रुप बोलतोय. पुढच्या रविवारी गच्चीवर सत्कार ठेवतो. तुम्ही दोन शब्द बोला, नदीचा अनुभव वगैरे."

त्यांनी फोटो पुढे केला. सहदेवरावांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बायकोकडे बघितलं. त्या नजरेत आज कसलीही सूचना नव्हती, नुसती विनवणी होती.

"हा ह्यांचा नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मासा भावजींनी पकडला. हे फोटोपुरते धरून उभे राहिलेत."

"अहो, पण खाली तर लिहिलंय..."

"भावजींचा मोठेपणा तो. ह्यांना कुठलं जमतंय? इतके महिने झाले, अजून गळ दगडातच अडकतो."

शरच्चंद्रांनी सहदेवरावांकडे पाहिलं. अख्ख्या सोसायटीत कोणाचंही एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय न सोडणारा तो माणूस घाईघाईने मान हलवत होता.

"बरोबर बोलतेय ती," सहदेवराव म्हणाले. "मला नाही जमत."

"अरेरे," शरच्चंद्र म्हणाले. ते थोडे घुटमळले, मग पेढ्यांचा पुडा परत काखेत मारून वाघमाऱ्यांच्या दाराकडे वळले.

दार लागलं. सुलक्षणाबाईंनी दिवसभर कोंडून धरलेला श्वास सोडला, तर पलीकडून तसाच एक श्वास ऐकू आला. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"किती दिवस लागतील हो शिकायला?" त्यांनी पदराशी चाळा करत विचारलं.

सहदेवरावांनी बराच विचार केला. "सांगता नाही येत. नदी कठीण आहे गं. वर्ष-दोन वर्षं जातील."

"जाऊ देत की," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "सावकाश शिका."