चौथा, आलं का?

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी कधी आलात, तर टाकीपाशी तुम्हाला एक गृहस्थ दिसतील. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर काळा कोट, खाली चट्ट्यापट्ट्यांची हाफपँट, पायात स्लिपर आणि हातात कमरेइतकी उंच लोखंडी चावी. घाबरू नका. चोर नाहीत आणि वेडेही नाहीत. म्हणजे वेडे आहेत, पण आमचे आहेत. हा प्रमोद दळवी.

कोट कशासाठी, तर पाणी सोडून झालं की घरी जाऊन लगेच कॅमेऱ्यासमोर बसायचं असतं. पलीकडे कुठल्या तरी देशातले साहेब असतात. आणि हाफपँट कशासाठी, तर टाकीचा वॉल उघडताना पाणी उडतं. "वरचा अर्धा कंपनीचा, खालचा अर्धा सोसायटीचा," असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच हसतो.

प्रमोद आणि मी लहानपणापासून याच बिल्डिंगमधले. त्याचे वडील गिरणीत होते, माझेही. मी शाळेत शिक्षिका झाले, आणि प्रमोद जो काही झाला तो मला आजतागायत कळलेला नाही. त्याच्या पदाचं नाव इतकं लांब होतं की त्याच्या कार्डावर फोन नंबरला जागा उरत नसे. एकदा मी सरळ विचारलं, "अरे, तू तिथे करतोस काय नक्की?"

"लोक काम करतात ना, त्याचे रिपोर्ट येतात. मी ते रिपोर्ट बघतो."

"मग?"

"मग त्यांचा एक रिपोर्ट करतो."

"आणि तो कोण बघतं?"

"वरचे."

"आणि मग?"

"मग लंच."

या उद्योगाचा पगार मात्र असा की ऐकून माझ्या पगाराला घेरी यावी. त्याने गाडी घेतली तीच एवढी लांबलचक की आमच्या गेटमधून वळेना. शेवटी गेटचा खांब पाडून ती आत आणली आणि तिथेच ठेवली, कारण परत बाहेर काढणं हा वेगळा सोहळा. पहिल्या मजल्यावरच्या गावडेकाकी तिच्या बॉनेटवर कोकमाची सोलं वाळत घालायच्या. बॉनेट तापतं छान, म्हणायच्या.

तर पाणी. आमची बिल्डिंग जुनी. टाकी गच्चीवर, आणि तिचा वॉल म्हणजे साक्षात जमदग्नी. एकदम उघडला तर खालचे मजले पाणी ओढून घेतात आणि चौथ्या मजल्यावर नळातून नुसता फुस्स आवाज. चौथ्यावर मी राहते, म्हणून अनुभवाने सांगतेय. हे काम आधी वॉचमन करायचा. तो एकदा गावी जाताना प्रमोदच्या हातात चावी देऊन गेला, दोन दिवसांपुरती. वॉचमन परत आला, रिटायर झाला, त्याच्या जागी दुसरा आला. चावी प्रमोदकडेच आहे.

रोज सकाळी तो वॉल जरासा फिरवतो, कठड्यावरून खाली वाकतो आणि आरोळी ठोकतो.

"तळमजला, आलं का?"

खालून कोणीतरी ओरडतं, "आलं!"

"पहिला, नळ बारीक करा! गावडेकाकी, तुमची बादली भरून वाहतेय, आवाज येतोय मला!"

"मेल्या, माझ्या बादल्यांत कित्याक कान घालतंस? तुका दुसरो धंदो नाय?"

"दुसरा, आलं का? तिसरा? चौथा, आलं का?"

चौथ्यावरून मी "आलं रे बाबा, आलं!" म्हणेपर्यंत तो वाकलेलाच. कधी मी अंघोळीत असले तर ओरडून ओरडून अख्ख्या गल्लीला कळवतो की शैलाबाई अंघोळीला गेल्यात. त्याला उठायला जरा उशीर झाला तर मात्र आमचीही तोंडं सुटतात. चारही मजल्यांवरून त्याच्या नावाचा उद्धार होतो. "दळवी, झोपलास काय रे?" "ए चावीवाले साहेब!" गावडेकाकींच्या शिव्या तर मालवणीतल्या, त्या मी इथे लिहू शकत नाही. तो धावत जिने चढतो, कोट अर्धा घातलेला, आणि वरून ओरडतो, "दोन मिनिटं, दोन मिनिटं! प्रेशर बघा आता, प्रेशर!"

प्रेशर हा त्याचा लाडका शब्द. मोठ्या हॉटेलात कंपनीची पार्टी असली, तरी हा आधी हात धुवायला जातो आणि परत येऊन बायकोला, सुजाताला, सांगतो, "एवढं हॉटेल, पण नळाला प्रेशर नाही." कोणाच्या घरी बारशाला गेला, तर पाळण्याआधी मोरी बघतो. भाचीच्या लग्नाला कणकवलीला गेला होता. मुलीचा मामा, म्हणजे बोहल्यापाशी उभा राहण्याचा मान. चावी माझ्या मिस्टरांकडे ठेवून गेला होता. तिकडे मंगलाष्टकं चालू, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात फोन, आणि "शुभमंगल सावधान"च्या मधल्या शांततेत अख्ख्या मांडवाने ऐकलं, "चौथा, आलं का?" नवरदेवाची आई घाबरून विचारायला लागली, आणखी कोण यायचंय?

आणि अशा माणसाला हैदराबादचं बोलावणं आलं. मोठं पद, पगार जवळजवळ दुप्पट, राहायला बंगला. महिन्याभरात हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं तर इथलं पदही फार दिवस टिकणार नव्हतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

बिल्डिंगभर एकच विषय. प्रमोद भेटेल त्याला विचारत सुटला, "तुला काय वाटतं?" भाजीवाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, वेडा आहेस काय, जा की! मीही तेच म्हटलं. लेक पुण्याला शिकतेय, पुढे तिला परदेशी जायचंय, बंगला मिळतोय, माणसाला अजून काय हवं? सुजाताला विचारलं तर ती म्हणाली, "मी काही बोलणार नाही. मला एवढंच माहीत आहे, तो गच्चीवरून खाली येतो तेव्हा शीळ घालत येतो, आणि लॅपटॉप उघडला की थांबतो."

मला तेव्हा ते फारसं उमगलं नाही. मी म्हटलं, शीळ काय, हैदराबादलाही घालेल.

एक दिवस तो जिन्यात भेटला. "शैला, सगळं पटतंय गं. पण पाण्याचं काय?"

झालं! आम्ही सगळे हसलो, पण आमचे चेअरमन म्हात्रे यांनी ते मनावर घेतलं. म्हात्रे म्हणजे सज्जन माणूस, आणि सज्जन माणसाने एखादी गोष्ट मनावर घेतली की वाट लागलीच म्हणून समजा. त्यांनी मीटिंग बोलावली, प्रमोद ऑफिसात असताना. म्हणाले, "बिचाऱ्याचा जीव त्या वॉलमध्ये अडकलाय. पायात बेडी नको. आपण ऑटोमॅटिक यंत्र बसवू. त्याला मोकळ्या मनाने जाऊ दे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला आमचंच कौतुक वाटलं. कधी नव्हे ते अख्खी बिल्डिंग एका बाजूने बोलली.

रविवारी खाली मोकळ्या जागेत सत्कार ठेवला. सतरंजी, बटाटेवडे, शाल, श्रीफळ. फलकावर लिहिलं होतं, 'आमचे लाडके चावीवाले साहेब यांना हार्दिक शुभेच्छा.' आणि सगळ्यात शेवटी म्हात्र्यांनी जाहीर केलं, "प्रमोद, तुझी काळजी मिटली! उद्यापासून बटणसुद्धा दाबायला नको. वेळ झाली की पाणी आपोआप, सगळ्या मजल्यांना सारखं!"

प्रमोदने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात त्यानेच वाजवल्या. यंत्राचं प्रेशर किती वगैरे विचारलं, म्हात्र्यांना मिठी मारली आणि दोन शब्द बोलायला उभा राहिला, तो दोनच शब्द बोलला. "थँक्यू. बरं झालं." वडा न खाताच घरी गेला. आम्ही म्हटलं, भारावलाय.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हैदराबादला हो कळवणार होता.

सकाळी माझ्या नळाला पाणी आलं. धो धो, चौथ्या मजल्याच्या इतिहासात आलं नव्हतं तसं. मी पिंप भरलं, बादल्या भरल्या आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

टाकीच्या पायरीवर प्रमोद बसला होता. कोट, शर्ट, हाफपँट, मांडीवर आडवी चावी. भिंतीवर ते नवीन यंत्र, डबीएवढं, हिरवा दिवा लुकलुकतोय. प्रमोद त्याच्याकडे बघत होता.

"आलं का गं तुझ्याकडे?" त्याने हळूच विचारलं.

"आलं. झकास प्रेशर आहे," मी म्हटलं. काय बोलून गेले ते नंतर कळलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"चांगलं आहे यंत्र," तो म्हणाला. मग चावीवरचा गंज नखाने काढत बसला. "शैला, मागे मला कावीळ झाली होती, आठवतं? महिनाभर ऑफिसला गेलो नव्हतो. परत गेलो, तर बाजूच्या टेबलावरचा म्हणाला, अरे, तू टूरवर होतास का? कोणाचं काही अडलं नव्हतं गं. एक कागद मागे राहिला नव्हता. मी नव्हतो हेच कोणाला माहीत नव्हतं."

"असू दे रे. मोठ्या कंपन्यांत असंच असतं."

"हो ना. म्हणून तर. इथे मला जरा उशीर झाला की चार मजल्यांवरून नाव घेऊन शिव्या. तुम्हाला वाटतं मला राग येतो. मला बरं वाटायचं गं. सकाळी उठल्या उठल्या कोणीतरी आपल्या नावाने ओरडतंय. त्याच्यावर दिवस निघायचा माझा." तो हसला. "आज कोणी ओरडलंच नाही."

  मी बादलीतला ओला टॉवेल उचलून पिळायला घेतला. आम्ही शहाण्यांनी मिळून, वडे खात, शाल पांघरवून, या माणसाच्या हातातलं एकमेव सुख काढून घेतलं होतं आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढचं आधीच सांगून टाकते, मला उगाच ताणून धरलेलं आवडत नाही. प्रमोद हैदराबादला गेला नाही. सहा महिन्यांत इथली नोकरीही गेली, अगदी गुच्छ देऊन गेली. आता तो मुलुंडला एका लहान कंपनीत आहे, पगार निम्म्याच्याही खाली. सुजाताने शिकवण्या वाढवल्यात, लेक परदेशाच्या स्कॉलरशिपसाठी रात्रंदिवस घासतेय, आणि कधीकधी त्यांच्या घरातून भांडणाचा आवाजही येतो. उगाच सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. गाडी विकली. त्यावर सगळ्यात मोठा गहजब गावडेकाकींनी केला, "आता माझी सोलां मी खंय सुकत घालू?" आणि ते यंत्र? ते 'मेंटेनन्स'साठी बंद आहे. म्हात्रे विचारतात, कधी होणार मेंटेनन्स? प्रमोद म्हणतो, प्रोसेस चालू आहे.

पण हे सगळं ठरलं ते त्या सकाळी, मी टॉवेल घेऊन उभी असताना. खालून पहिल्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली आणि गावडेकाकींचा तो खणखणीत आवाज वर आला.

"परमोदा! मेल्या, आज गप कित्याक? पाणी इला, ता आमी आता कोणाक सांगूचा?"

त्यांच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

प्रमोद उठला. चावी भिंतीला टेकवली, कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, कठड्याशी गेला, वाकला.  मग त्याने आरोळी ठोकली.

"तळमजला, आलं का?"

"आलं!"

"पहिला?"

"इला रे, इला!"

"दुसरा? तिसरा?"

खिडक्या उघडत गेल्या. आलं, आलं. कोणीतरी सवयीने ओरडलं, "उशीर केलास आज!" तसा त्याचा चेहरा असा काही खुलला की मीच दुसरीकडे बघायला लागले.

मग तो आणखी वाकला. चौथा मजला माझा. मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते आणि मिस्टर फिरायला गेल्यामुळे माझ्या घरात कोणी नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने माझ्या रिकाम्या खिडकीकडे बघून, पूर्ण आवाज लावून विचारलं,

"चौथा, आलं का?"

मी टॉवेल खाली टाकला, कठड्याला टेकले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "आलं रे बाबा, आलं!"