सोळा पांढरे केस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. विश्वनाथअप्पांच्या स्टुडिओतला एक फोटो मी माझ्या हातानं नासवला आणि त्यांनी विचारल्यावर त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. पण आधी अप्पा सांगायला हवेत, नाहीतर मी काय नासवलं ते कळायचं नाही.

अप्पांच्या जिभेचं टोक कायम काळं असे. पाथरीच्या बाजारात त्यांचा 'पार्वती फोटो स्टुडिओ' होता आणि तिथल्या फोटोत कुणाचाही केस पांढरा राहत नसे. फोटो धुऊन वाळला की अप्पा बारीक ब्रश जिभेवर टोकदार करत, काळ्या रंगात बुडवत आणि डॉक्टरसारखे विचारत, "बोला, किती सालं काढू?"

गिऱ्हाईक लाजत म्हणे, "काढा की पाच-सात."

"पाच-सातानं काय व्हतंय? तीन तर निसत्या मिशीत जायलेत. धा काढतो."

एकेक केस रंगवून झाला की त्या फोटोचा पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे रंगाचा मागमूस राहत नसे. टकलाला मात्र ते हात लावत नसत. "पडीक रानात मी पेरनी करत न्हाई. हाय त्या पिकाला पानी देतो," म्हणत.

एकदा झरीचे दोघे भाऊ वारलेल्या वडलांचा फोटो मोठा करून न्यायला आले. वय ऐंशी. अप्पांनी हात सैल सोडून चांगली चाळीस सालं काढली. भाऊ चिडले. "अप्पा, हे आमचे वडील न्हाईत, आमचा धाकटा भाऊ दिसायलाय!" फोटो परत करायचा असंच ठरत होतं. तेवढ्यात सोबत आलेल्या म्हाताऱ्या आईची नजर फोटोवर गेली. ती गडबडीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आसंच हुते." भावांनी मुकाट फोटो कागदात गुंडाळला.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि स्टुडिओच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. वय सव्वीस, पण डोकं वेचणीला आलेल्या कापसासारखं. नऊ ठिकाणांहून नकार आला होता. दहाव्या वेळी अप्पांनी मला स्टुलावर बसवलं, काही न विचारता तीस सालं काढली आणि फोटो पालमला धाडून दिला. पालमहून होकार आला, आणि माझी झोप उडाली. पोरगी बघायला तर हेच डोकं घेऊन जायचं होतं.

"अप्पा, केसांना कलप लावून जातो."

अप्पा ताडकन उठले. "खबरदार! डोसक्याला रंग लावनं म्हंजे फसवनूक. फोटोला लावला तर ती कला."

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी कधी निघेल आणि कुठं थांबेल सांगता येत नसे. तरी अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून माझ्याबरोबर निघाले. पालमला मुलीच्या वडलांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "ह्ये नवरदेवाचे वडील का?"

मी मान खाली घातली. अप्पा मात्र उठून उभे राहिले. "पाव्हनं, मानूस खरा हाय, केस माझे हायत. ह्या हातानं रंगवले. शिव्या द्यायच्या तर मला द्या. पर मास्तरनं एक थेंब डोसक्याला लावला न्हाई. फोटोत खोटं बोलला, समोर बोलला न्हाई."

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "बाबा, मला ह्येच बरे वाटायलेत. फोटोतला जरा उडानटप्पू दिसायलता."

सगळी बैठक खो खो हसली आणि साखर वाटली गेली. परतीच्या एसटीत अप्पा कंडक्टरपासून शेवटच्या सीटवरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, "लय जमलं! पांढऱ्या केसावर जमलं!" गाडी पाथरीला लागेपर्यंत अख्ख्या एसटीला माझं लग्न ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा फोटोचे कागद आणायला परभणीला गेले आणि किल्ली माझ्याकडं देऊन गेले. आनंदानं माझे हात शिवशिवत होते. अप्पांसाठी काहीतरी करावं म्हणून मी स्टुडिओ झाडला, काचा पुसल्या. आतल्या खोलीत, त्यांच्या टेबलावर एका तरुण बाईचा फोटो होता. भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा पडलेल्या. मला वाटलं बुरशी. ओल्या कापसानं एकेक रेघ पुसली. सोळा होत्या. फोटो लख्ख झाला. मी स्वतःवरच खूश.

संध्याकाळी अप्पा आले. आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावलो. फोटो त्यांच्या हातात होता. टेबलावर माझा कापसाचा बोळा तसाच पडला होता, पांढुरका झालेला. अप्पांनी तो पाहिला, उचलला आणि खिडकीबाहेर टाकला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "मास्तर, दारावरच्या वाळ्याच्या पडद्याचं पानी उडालं का हो ह्याच्यावर?"

"उडालं असेल," मी म्हणालो.

"आसंल," ते म्हणाले. "ही आमची पार्वती. बाविसाव्या साली गेली. दोघं संगच म्हातारं व्हायचं ठरलं व्हतं. म्हनून शिवरात्रीचा उपास सुटला की तिला सालाला एक पांढरा केस देत व्हतो. ब्रशानं, पांढऱ्या रंगाचा. सोळा झाले व्हते."

जगाचे केस काळे करणारा हा माणूस स्वतःच्या पांढऱ्या डोक्याला का रंग लावत नाही, ते तेव्हा कळलं.

अप्पांनी फोटो उजेडात धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कालच्या एसटीतलंच हसू आलं. "आरं, पर बघा की! पुन्हा बाविसाची झाली. जगाचे काढून देतो, माझ्या घरात कुनी काढले न्हवते. फुकटात सोळा सालं निघाली, मास्तर!" आणि ब्रश जिभेवर टोकदार करत म्हणाले, "चला, पुन्हा एकापासनं."

माझ्या लग्नात पंगतीत तूप वाढायला अप्पाच होते. त्यानंतर आणखी सहा शिवरात्री त्यांना मिळाल्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी तो फोटो माझ्या बायकोकडं दिला. "सांभाळ पोरी, मास्तरचा हात लय साफसफाईचा हाय," म्हणाले. ती हसली. मी हसलो नाही.

फोटो आमच्या घरी आहे. भांगाशी सात पांढरे केस आहेत, सगळे अप्पांच्या हातचे. त्यांचा ब्रशही माझ्याकडं आहे. सोळा केस मी अजून देणं लागतो.